अर्धा मनोरा

मत्सर ही कोत्या मनाच्या लोकांची करमणूक आहे. ज्याने जन्मभर जमीन मोजली, ज्याला कुठे काय आहे ते बोटभर इकडेतिकडे न होता ठाऊक असतं, त्याला हा विकार शिवत नाही, असं मोजणीदारांचं ठाम मत होतं. हे मत ते मनाशी पुन्हा एकदा पक्कं करत होते, तेव्हा परक्या शहराच्या भर चौकात, घड्याळाच्या मनोऱ्यासमोर, ते एका गुडघ्यावर टेकलेले होते आणि त्यांना उठता येत नव्हतं.

"काही हरवलंय का, काका?" फुगे विकणाऱ्या बाईने विचारलं.

"नाही. कोन बघतोय."

"सापडला का?"

"सापडला."

"मग उठा की."

मोजणीदारांनी एक हात जमिनीला टेकवून पाहिला. बाईने फुग्यांचे दोरे मनगटाला गुंडाळले, मोजणीदारांच्या काखेत हात घातला आणि धान्याचं पोतं उभं करावं तसं त्यांना उभं केलं. डोक्यावर एवढे फुगे तरंगत असूनही त्यांचं वजन काही हलकं झालं नाही. त्यांनी पँट झटकली, आभार मानले आणि हातातल्या फोनकडे पुन्हा पाहिलं.

फोनवर त्यांची बायको हसत होती. ओठ मिटून, पाहुण्यांसमोर हसतात तसं नव्हे, चांगलं दात दाखवून. ती याच चौकात उभी होती आणि तिच्या मागे हाच मनोरा होता. पण मनोरा अर्धाच. वरचं घड्याळ, त्याच्या वरचा घुमट, सगळं फोटोच्या बाहेर. ज्या मनोऱ्यासाठी लोक लांबून येतात त्याचा गळा कापायचा आणि साठीला आलेल्या एका बाईचं हसू तेवढं मधोमध ठेवायचं, हे काम येणाऱ्याजाणाऱ्या पर्यटकाचं नव्हे. हा फोटो काढणाऱ्याला मनोऱ्यात रस नव्हता. शिवाय फोटो गुडघ्याच्या उंचीवरून काढलेला होता. म्हणजे काढणारा खाली बसला होता. भर चौकात, दुसऱ्याच्या बायकोसमोर, एका गुडघ्यावर. आणि त्याला उठवायला फुगेवाली लागली नसणार.

खरं तर या शहराला दोघं मिळून यायचं ठरलं होतं. मोजणी खात्यातून निवृत्त झाल्यावर "आता फिरू" असं मोजणीदार म्हणाले होते, आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनीच विचारलं होतं, "मनोरा म्हणजे शेवटी काय? घड्याळच ना? घरात तीन आहेत." बायकोने आपली बॅग भरली. सकाळी उठून ती एकटीच गेली. दुसऱ्या दिवशी परत आली ती हसतच, आणि चार फोटो घरच्या ग्रुपवर टाकून झोपली.

तेवढ्यावर सगळं निभावलं असतं. पण मोजणीदारांना एक साडू होता. साडू हा प्राणी देवाने नेमका कशासाठी घडवला हे आजवर कुणाला कळलेलं नाही. त्याने ग्रुपवर लिहिलं, "ताई, फोटो फार झकास आलेत. काढले कुणी?" आणि ताईंनी उत्तर म्हणून एक पिवळं हसरं तोंड पाठवलं. नाव नाही, गाव नाही, नुसतं तोंड. त्या तोंडाने मोजणीदारांची झोप उडवली.

आपल्या भाषेत सवतीला पुल्लिंगी शब्द नाही. पूर्वजांना त्याची गरज पडली नसेल किंवा कबूल करायची लाज वाटली असेल. त्यामुळे जो कोण होता त्याला काय म्हणायचं हेही मोजणीदारांना सुचेना, आणि ज्याला नावच नाही त्याच्याबद्दल बायकोला विचारणार तरी कसं? शिवाय विचारणं म्हणजे आपल्याला काहीतरी वाटतंय असं कबूल करणं. त्यापेक्षा खात्याचा नियम बरा. हद्दीच्या भांडणात वादीला विचारायचं नाही, प्रतिवादीला तर नाहीच, जाग्यावर जायचं. माणसं खोटं बोलतात, बांधाला ते जमत नाही.

"मी म्हणतो, एकदा मीही ते शहर बघून येतो," ते बायकोला म्हणाले होते. ती वाटाणे सोलत होती.

"जा की."

"एकटाच."

"एकटेच जा. मजा येते."

"कसली मजा?"

"आता ती काय सांगायची? जाऊन बघा." तिने एक शेंग फोडली आणि आतले दाणे पातेल्यात न टाकता स्वतःच खाल्ले. "स्वेटर न्या."

स्वेटर त्यांनी आणला होता. खिशात मोजायची पट्टीही आणली होती, पण ती बायकोला माहीत नव्हती.

दुसरा फोटो कॉफीच्या दुकानातला होता. कोपऱ्यातलं टेबल, पुढ्यात अंडं आणि भाजलेला पाव, आणि हनुवटीखाली हात घेऊन समोर बघणारी बायको. बघणं असं, की समोरचा काहीतरी छान बोलतोय आणि हिला ते संपायला नको आहे. मोजणीदार त्याच खुर्चीवर बसले. अंडं आणि पाव मागवला. मग समोर पाहिलं. समोर खिडकी होती, खिडकीला रुंद कट्टा होता आणि कट्ट्यावर एक कुंडी होती.

"त्या कट्ट्यावर कुणी बसतं का हो?" त्यांनी वेटरला विचारलं.

"कुंडी बसते."

"कुंडीशेजारी माणूस मावेल का?"

वेटरने ताटली ठेवली आणि कट्ट्याकडे अदमासाने बघितलं. "बारीक असेल तर मावेल. तुम्ही नाही मावणार."

"मला बसायचं नाहीये."

"मग कुणाला बसवायचंय?"

"कुणालाच नाही. मी एक अंदाज घेतोय."

वेटर गेल्यावर त्यांनी हळूच उठून कट्ट्याला पट्टी लावली. अंतर जमलं, उंचीही जमली. म्हणजे तो गुडघ्यांनी मजबूत होता आणि अंगाने सडपातळही होता. मोजणीदारांनी पाव बाजूला सारला. मग त्यांना वाटलं, रिकाम्या पोटी मोजणी चुकते. त्यांनी तो परत जवळ ओढला, लोणी लावलं आणि जाड थर देऊन खाल्ला. पाव उत्कृष्ट होता. हे त्यांना आवडलं नाही. बायकोने घरी सांगितलं होतं, "तसा पाव मी जन्मात खाल्ला नाही," आणि गेली कित्येक वर्षं घरी पाव आणायचं काम मोजणीदारांकडे होतं.

तिथून ते संग्रहालयात गेले. लोक तिथे जे बघायला जातात ते त्यांनी काही पाहिलं नाही. जुनी नाणी, राजाराण्यांच्या तसबिरी, मोडके हात असलेल्या मूर्ती, सगळ्यांना ओलांडून ते थेट मधल्या दालनातल्या दगडी घोड्यापाशी पोचले. घोडा प्रचंड होता. फोटोत मात्र त्याची नुसती शेपटी आली होती. बाकी फोटोभर बायको, मान वर करून बघणारी, डोळे बारीक झालेले, केस गळ्यावरून मागे पडलेले. फोटो वरून काढला होता.

वर जिना होता. मोजणीदार कठड्याला धरून पहिल्या वळणापर्यंत चढले आणि खाली पाहिलं. हीच जागा. तो इथे उभा राहिला, त्याने वरून हाक मारली आणि हिने मान वर केली.

आपल्याकडे ही अशी मान वर करून कधी बघत होती, ते मोजणीदार आठवू लागले. एकदा बघितलं होतं. ते शिडीवर चढून दिवा बदलत होते आणि ती खालून म्हणाली होती, "पडाल."

"तिथे रेलू नका," खालून पहारेकरी म्हणाला. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाला, डोळे मिटलेलेच होते.

"रेललो नाहीये."

"सगळे रेलतात."

"महिन्याभरापूर्वी इथे एक उंच माणूस उभा होता का?"

पहारेकऱ्याने एक डोळा उघडला. "उंच म्हणजे किती?"

"माझ्याहून वीतभर. सडपातळ. चपळ असावा."

"काही घेऊन पळाला का?"

मोजणीदारांनी थोडा विचार केला. "तेच बघतोय," ते म्हणाले आणि खाली आले.

घोड्यासमोरच्या बाकावर बसून त्यांनी फोन काढला, आणि बायकोचा फोटो बघायच्या ऐवजी स्वतःचे जुने फोटो उघडले. मुलीने घरातले सगळे आल्बम त्यांच्या फोनमध्ये भरून दिले होते. फोटो कसा काढावा हे एकदा डोळ्यांनी बघून घ्यावं म्हणजे मन थाऱ्यावर येईल, असा त्यांचा हिशेब होता.

फोटो खरोखरच निर्दोष होते. धबधबा, किल्ल्याचा बुरूज, धरणाची भिंत, जुना दीपस्तंभ. प्रत्येक गोष्ट पायापासून शेंड्यापर्यंत पूर्ण. आणि प्रत्येकीच्या पायथ्याशी, डाव्या अंगाला, बायको. फोटोत माणूस हवाच, नाहीतर उंचीचा अंदाज येत नाही, हे मोजणीदारांचं तत्त्व होतं. खात्यात जमिनीचा चढउतार घ्यायचा तर एकजण लांबवर आकडे लिहिलेली उंच पट्टी धरून उभा राहतो, आणि पट्टी तसूभरही कलू नये हे त्याला बजावलेलं असतं. बायकोलाही ते तसंच बजावत. "सरळ उभी राहा. हात खाली. हसू नको, हसताना माणूस वाकतो." पाहुणे आल्यावर आल्बम उघडून ते दाखवत, "हा बुरूज बघा, हिच्या बरोबर नऊपट."

दीपस्तंभाच्या फोटोवर त्यांनी दोन बोटं ठेवली आणि तो मोठा केला. मग आणखी मोठा केला. बायकोचा चेहरा जवळ आला आणि जवळ येता येता त्याचे चौकोन झाले. ती त्या वेळी हसत होती की नव्हती, ते चौकोनांत कळेना. त्यांनी धबधब्यावर बोटं ठेवली. मग धरणावर. मग फोन खिशात टाकून ते बराच वेळ घोड्याच्या शेपटीकडे बघत बसले.

चौथ्या फोटोत पुरावा होता. आधीच्या तिन्हींना एक वेळ अंदाज म्हणता आलं असतं, हा मात्र रोकडा होता. नदीकाठचं हॉटेल, खिडकीजवळचं टेबल, बायको पोट धरून हसतेय, आणि तिच्या पुढ्यातल्या पुडिंगच्या ताटलीत दोन चमचे. हा फोटो मोजणीदारांनी इतक्या वेळा पाहिला होता की ते चमचे त्यांना डोळे मिटूनही दिसत. एका पुडिंगमध्ये दोन चमचे घालायची वेळ त्यांच्या संसारात आली नव्हती. ते दोन पुडिंगं मागवत. हिशेबाला सोपं जातं.

हॉटेल भरलेलं होतं, पण खिडकीजवळचं टेबल नेमकं रिकामं झालं. मोजणीदार बसले. सूप आलं, मासा आला. सूप गरम होतं, मासा ताजा होता, आणि दोन्हीत खोट काढायची सोय नव्हती म्हणून त्यांनी मीठ मागून घेतलं आणि टाकलं नाही. मग त्यांनी पुडिंग मागवलं. ते घेऊन मालकीणबाई स्वतः आल्या. जाडजूड, हसतमुख, कमरेला एप्रन. ताटली ठेवली. ताटलीत दोन चमचे होते.

मोजणीदार चमच्यांकडे बघत राहिले.

"मी एकटाच आहे," ते म्हणाले.

"दिसतंय की."

"मग चमचे दोन?"

"एक वरची साखर फोडायला, एक खायला. पाक करून कडक केलेली असते ती. फोडायच्या चमच्याला चिकटून बसते, मग त्यानेच खायला गेलं की पुडिंग सगळं लिबलिबीत होतं आणि लोक मला नावं ठेवतात. आमच्याकडे एकटा येवो नाहीतर वरात घेऊन येवो, ताटलीला दोन चमचे." त्या जायला वळल्या आणि थांबल्या. "बरं नाही का वाटत? पाणी देऊ?"

मोजणीदारांनी फोन काढून पुढे केला. जन्मभर पाळलेला खात्याचा नियम त्यांनी मोडला आणि जाग्यावर आल्यानंतर माणसाला विचारलं. "या बाई आठवतात का?"

मालकीणबाईंनी हात एप्रनला पुसले, फोन लांब धरून पाहिला आणि त्यांचा सगळा चेहरा पसरला. "या? यांना कोण विसरेल? ऐन गर्दीच्या वेळी माझं अख्खं हॉटेल थांबवलं होतं यांनी."

"कुणाबरोबर होत्या?" हा प्रश्न त्यांनी सपाट आवाजात विचारायचं ठरवलं होतं. तो वरच्या पट्टीत गेला.

"पाण्याच्या बाटलीबरोबर."

"म्हणजे?"

"म्हणजे ही अशी बाटली, तिला टेकवून फोन उभा केला. बटण दाबायचं, पळत येऊन बसायचं, मग तो आपोआप काढतो. पहिल्यांदा फोनच पालथा पडला. दुसऱ्यांदा आमचा वेटर मधून गेला, नुसता त्याच्या पोटाचा फोटो आला. तिसऱ्यांदा पळताना यांची चप्पल राहिली टेबलाखाली. दर वेळी पळायच्या आणि पळता पळताच हसू यायचं यांना. शेजारची टेबलं मोठ्यानं मोजायला लागली, पाच, चार, तीन. शेवटी मीच म्हटलं, ताई, द्या इकडे, मी काढते. तर म्हणाल्या, नको."

"नको?"

"म्हणाल्या, आमच्या घरी आहे एक फोटो काढणारा. चांगला काढतो, पण आज मला समोर कुणी नसताना हसून बघायचंय." मालकीणबाईंनी फोन परत दिला. "ओळखीच्या का तुमच्या?"

"हो. तोंडओळख आहे," मोजणीदार म्हणाले.

मालकीणबाई गेल्या. मोजणीदारांनी पुडिंगवरची साखर फोडली. चौकात एक बसका दगडी ओटा होता, मनोऱ्याकडे तोंड करून, गुडघ्याएवढा. खिडकीत कुंडी होती. जिन्याच्या वळणावर खांब होता, आणि त्याचा माथा सपाट होता, हे त्यांना आता आठवलं. कुणी गुडघ्यावर बसलं नव्हतं, कुणी वरून हाक मारली नव्हती. इतके दिवस त्यांनी वीत वीत करून उभा केलेला तो उंच, सडपातळ, शाबूत गुडघ्यांचा गृहस्थ टेबलावरून उठला आणि बिल न मागता चालता झाला.

आता बरं वाटायला हवं होतं. मोजणीदार बरं वाटण्याची वाट बघत बसले. ते काही वाटेना. उलट तो गृहस्थ गेल्याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं. माणूस असता तर त्याच्याहून वरचढ होता आलं असतं, निदान त्याला चार शिव्या घालता आल्या असत्या. पण जी बाई समोर कुणीच नाही म्हणून एवढी हसते, तिच्या नवऱ्याने दावा कुणावर लावायचा? ज्याच्या जागेवर कुणी बसलेलंच नाही, त्याची हद्द कुठून धरायची? दुसरा चमचा त्यांनी उचलला आणि पुडिंग खाल्लं. तेही उत्कृष्ट होतं.

ताटली रिकामी झाल्यावर त्यांनी उठून पाण्याची बाटली टेबलाच्या पलीकडच्या कडेला ठेवली, फोन तिला टेकवला, बटण दाबलं आणि खुर्चीकडे निघाले. चार पावलं होती. पहिल्या फोटोत त्यांची पाठ आली. दुसऱ्यात गुडघे धरून अर्धवट वाकलेला एक म्हातारा आला. तिसऱ्या खेपेला शेजारच्या टेबलावरचं जोडपं मोजायला लागलं, "पाच, चार..." आणि मोजणीदार दोनवर बसले.

फोटो चांगला आला होता. माणूस पूर्ण होता, मागची खिडकी पूर्ण होती. माणूस ताठ बसला होता, हात खाली, तोंड मिटलेलं, तसूभरही कललेला नाही.

"हे काय," मालकीणबाई त्यांच्या खांद्यावरून बघत म्हणाल्या, "पासपोर्टला पाहिजे होता का?"

मोजणीदारांनी दोन बोटांनी स्वतःचा चेहरा मोठा केला. मग लहान केला. मग फोन हातात घेऊन ते बाहेर आले आणि नदीकाठच्या कट्ट्यावर बसले. ऊन उतरायला लागलं होतं. घरी काय बोलायचं याचा मजकूर त्यांनी मनात नीट जुळवला. पुढच्या महिन्यात आपण दोघं येऊ. तू चौकात उभी राहा. हास, वाक, काय हवं ते कर. मी मनोरा कापतो. जन्मात पहिल्यांदा ते एका इमारतीचं डोकं उडवायला तयार झाले होते, आणि एवढ्या मोठ्या त्यागाची बातमी समक्ष द्यावी म्हणून आत्ताच निघायचं असं त्यांनी ठरवलं. त्यांनी बायकोला फोन लावला. तिने तो बऱ्याच वेळाने उचलला. मागे गाणं चालू होतं. आवाजावरून तिच्या तोंडात काहीतरी होतं.

"अहो, बोला."

"काय करतेस?"

"काही नाही. बसलेय."

"कोण आलंय?"

"कुणी नाही. तुमचं काय चाललंय? जेवलात का?"

"जेवलो. ते दोन चमच्यांचं पुडिंग खाल्लं."

"साखर फोडलीत ना आधी?"

"फोडली." ते कट्ट्यावरून उठले. "ऐक. मी आता लगेच निघतोय. संध्याकाळच्या गाडीने येतो. मला तुझ्याशी जरा बोलायचंय."

पलीकडे गाणं बारीक झालं.

"इतक्यात? सगळं बघून झालं?"

"झालं."

"संग्रहालय?"

"झालं."

"सगळी दालनं?"

मोजणीदारांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"उत्तम वाटतंय. म्हणून तर निघतोय."

"मग एक करा ना," बायको म्हणाली. आवाज मऊ होता, इतका मऊ आवाज त्यांनी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. "त्या गाडीने नका येऊ. तिच्या मागची असते, तिने या. मी आत्ताच कुठे पाय पसरून बसलेय."